परकेपणा कमी करण्याची मुदत

नजअ सालिम, किना
रविवार, १९ ऑगस्ट २०१८

इन्शिराह,

सलाम. अक्षर ओळखलंस ना? फाडायचं तर फाड, पण हे पान संपवून फाड. यात माझं काम नाही, पोरीचं आहे.

फोन तू उचलत नाहीस. अठरा वर्षांत उचलला नाहीस तो आता काय उचलशील, तरी चार वेळा लावला. म्हणून अयादच्या हाती हे पत्र पाठवतोय. तो आणि त्याचा भाऊ आपल्या फाट्यावरून अस्वानला मायक्रोबस चालवतात, रोज एक गाडी. तू शिकवतेस ती शाळा त्याला माहीत आहे. सोबत काकवीचा डबा आहे, आपल्याच उसाची.

माझी मुलगी अफनान. तू तिला पाहिलेली नाहीस. अब्बा गेले त्याच वर्षी झाली. बारावीला अठ्ठ्याण्णव टक्क्यांच्या वर गेली गं. गावात आजवर कुणी एवढे मिळवले नाहीत, पोरांनीसुद्धा. किन्याचं मेडिकल अर्ध्या गुणानं हुकलं. अस्वानचं मिळालं. आपल्या वेळी मेडिकल म्हणजे असियूत, बाकी सगळा अंधार. आता जिल्ह्याजिल्ह्यात कॉलेजं निघालीत, पोरींच्या रांगाच्या रांगा लागतात. कॉलेजं वाढली, पण दियाबकाका आहेत तिथेच आहेत.

काका चौऱ्याऐंशीचे झाले. एक कान गेलाय, दुसरा हवं तेवढंच ऐकतो. त्यांनी बैठकीत सगळ्यांसमोर सांगून टाकलं, मुलगी कुठंही शिकू दे, पण झोपायला आपल्या रक्ताच्या माणसाच्या छपराखाली पाहिजे. हॉस्टेल नाही म्हणजे नाही. आणि अस्वानात आपल्या रक्ताचं एकच माणूस आहे.

तुला एक ओळ लिहायची आहे. ‘मुलगी माझ्याकडे राहील.’ खाली सही. बस.

घाई अशासाठी की सरकारनं एक सोय काढलीय. ज्यांना लांबचं कॉलेज लागलंय त्यांनी घराजवळचं मागून घ्यायचं. त्या सोयीचं नाव काय ठेवलंय माहीत आहे? ‘परकेपणा कमी करणे.’ येत्या रविवारी, सव्वीसला सुरू होते, गुरुवारी तीसला संध्याकाळी सातला बंद. काका म्हणतात, तोवर इन्शिराहचा कागद आला नाही तर अफनानला किन्याच्या बी.एड.ला घाल, सकाळी जाईल, दुपारी जेवायला घरी येईल. मी हो म्हणालो. नाही म्हणून काय करतो?

मागचं उकरून काढायला हे पत्र नाही. अब्बांनी तुझ्या बाबतीत जे केलं ते केलं. अल्लाह त्यांना माफ करो. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो, माझं कोण ऐकणार होतं?

तुझा भाऊ,
बखीत


शुक्रवार, २४ ऑगस्ट

इन्शिराह,

ईद मुबारक, उशिरानं का होईना.

अयाद आला. म्हणाला, “बखीतभाऊ, तुमच्या बहिणीनं करकदेचं सरबत पाजलं, बिस्किटं दिली, माझ्या पोरांची नावं विचारली. पत्राचं मात्र नाव काढलं नाही.” मी विचारलं, वाचलं का? तर म्हणे, “पर्समध्ये ठेवलं. आणि हा डबा परत दिला.” काकवीचा डबा होता तसा परत आला. झाकणावरची चिंधीसुद्धा सुटली नव्हती. हानिमनं तो फडताळात ठेवला. माझी बायको बोलली नाही की मला जास्त भीती वाटते.

परवा ईदला काका आले होते. अफनान पाणी घेऊन आली तर तिला म्हणाले, “पोरी, मी शिक्षणाच्या आड नाही. चंद्रावर जा. फक्त तिथं आपलं माणूस पाहिजे.”

ती तोंड वर करून म्हणते, “चंद्रावर आपलं कोण आहे, आजोबा?”

“काय म्हणते?” काकांनी मला विचारलं.

“तुमच्यासाठी दुआ मागते म्हणते,” मी सांगितलं.

काका खूश झाले, तिच्या डोक्यावर हात फिरवला. ती माझ्याकडे अशी काही बघत होती की मी भांडी गोळा करायला उठलो. मी, आणि भांडी. हानिम हसली.

ती अशीच आहे. तुझ्यासारखी. आई असताना म्हणायची, या पोरीच्या जिभेला इन्शिराहचं हाड आहे. मी तेव्हा रागवायचो.

आता खरं सांगतो, काकांचं सोड, मलाही भीती वाटते. अस्वान म्हणजे गाडीनं चार तास. मुलगी आजवर मावशीच्या घरीही राहिलेली नाही. रात्री दिवा लागतो तिला. अंडं खात नाही. कुणी टोचून बोललं तर उलटं बोलते आणि मग कोपऱ्यात जाऊन रडते. आणि इथले लोक! कॉफीच्या दुकानात एकानं विचारलंच, “काय बखीत, पोरगी एकटीच चालली?” एकटीच हा शब्द त्यानं असा ओढला की माझं बोट चहात बुडलं.

तिचा परीक्षेचा नंबर आणि तो फॉर्म भरायला सरकारनं दिलेला गुप्त आकडा लिहिलेला कागद माझ्या खिशात असतो. वडिलांकडेच असायला हवा, म्हणून. मी काही केलेलं नाही. करणारही नाही, तू लिहिलंस तर.

अयाद उद्या जातोय. त्याला परत पाठवताना दोन ओळी दे. शिव्या लिहिल्यास तरी चालतील, खाली ते एक वाक्य लिही.

बखीत


सोमवार, २७ ऑगस्ट

इन्शिराह,

काही नाही आलं तुझ्याकडून.

काल मुदत उघडली. मी काल ऑफिसात, पाटबंधाऱ्याच्या त्या जुन्या कॉम्प्युटरवर, फॉर्म भरला. खबरदारी म्हणून! गुरुवारी सातपर्यंत कितीही वेळा बदलता येतो, शेवटचं जे राहील तेच धरतात. म्हटलं, तुझा कागद आला तर काढून टाकू, नाही आला तर ऐन वेळी लाइन जाते, साइट बसते, धावपळ नको. एकच पसंती भरली. किना, बी.एड.

दुपारी पुन्हा उघडून पाहिलं तर फॉर्म कोरा. वरती ‘कोणताही बदल मागितलेला नाही’. मला वाटलं साइटचा दोष. सरकारी काम, आपल्याला ठाऊकच आहे कसं चालतं. पुन्हा भरला. सेव्ह केला. छापून घेतला.

आज सकाळी पुन्हा कोरा.

इन्शिराह, तो गुप्त आकडा दहा अंकी आहे. माझ्या खिशात आहे म्हणून मी निश्चिंत होतो. पण रसायनशास्त्राची अख्खी पुस्तकं पाठ करणारी पोर दहा आकडे पाठ करणार नाही? मी ऑफिसात भरतो, ती घरी मोबाइलवर खोडते. जेवायला बसलो तेव्हा तिनं माझ्या ताटात मुलूखियाची पातळ भाजी वाढली, वरून लसणाची फोडणी, मला आवडते तशी. भाकरी मोडून दिली. मी म्हटलं, “मीठ बेताचं झालंय.” ती म्हणाली, “हो, बाबा.” एवढंच संभाषण.

हानिमला सगळं माहीत होतं. संध्याकाळी अंगणात मला म्हणाली, “तुम्ही भरा, ती खोडेल. बघू कोण आधी दमतं.”

“बाप आहे मी तिचा,” म्हणालो.

“म्हणून तर ती ओरडत नाही,” हानिम म्हणाली. “दुसऱ्या कुणी केलं असतं तर तिनं अख्खी वस्ती गोळा केली असती.”

मी घाबरतोय. माझं वय झालं, केस गेले, आणि मी अठरा वर्षांच्या पोरीशी चोरून पकडापकडी खेळतोय. तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी काय होईल? गुरुवारी सातला एक मिनिट कमी असताना कोण शेवटी बटण दाबेल? ती रोज सकाळी माझे बूट पुसून दाराशी ठेवते. आजही ठेवले होते.

आज तिनं विचारलं, “बाबा, आत्या आपल्याकडे का येत नाही?” मी सांगितलं, तुझ्या आजोबांशी भांडण झालं होतं. ती म्हणाली, “आजोबांना जाऊन अठरा वर्षं झाली. इतकं लांब भांडण कुणाशी चालतं? मेलेल्या माणसाशी?”

मी बूट चढवले. कामाला उशीर होतोय म्हणालो.

कृपा कर. एक ओळ.

बखीत


मंगळवार, २८ ऑगस्ट

इन्शिराह,

हे पत्र अयादचा भाऊ आणेल. बसून वाच.

आज सकाळी तिसऱ्यांदा फॉर्म भरायला बसलो. पसंतीच्या पहिल्या घरात ‘किना, बी.एड.’ लिहिलं आणि बोट बटणावर नेलं. आणि मी खुर्ची मागं सरकवली. साहेबांनी विचारलं, “बखीत, बरं नाही का?” मी म्हटलं, उन्हाचं. फॉर्म तसाच सोडून घरी आलो.

हेच ‘किना, बी.एड.’ मी याआधी एकदा पहिल्या घरात घातलं होतं. तुझ्यासाठी.

तुला आठवत असेल, तेव्हा फॉर्मबरोबर डिंकाच्या तिकिटांचा एक तक्ता मिळायचा. प्रत्येक तिकिटावर एका कॉलेजचं नाव. हव्या त्या क्रमानं ओली करून चिकटवायची. तू शुक्रवारी अंगणात बसून जिभेनं एकेक ओलं करून लावत होतीस. आई म्हणाली, डिंक खाऊ नको, पोट बिघडेल. पहिल्या घरात मेडिकल, असियूत. किन्याचं बी.एड. पंधराव्यात, जागा भरायची म्हणून. अब्बांनी शिक्का आणला, तो पितळेचा, त्यांच्या नावाचा. शाई लावली, फुंकर मारली आणि स्वतः उमटवला. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मला विचारलं, “बखीत, यात लिहिलंय ना असियूत?” मी म्हटलं, हो. ते म्हणाले, “मग नीट घेऊन जा. घडी पाडू नकोस.”

मी तुला सांगितलं होतं की अब्बा माझ्या मागून किन्याच्या ऑफिसात आले आणि त्यांनी फॉर्म बदलून घेतला. अब्बा त्या दिवशी उसाला पाणी देत होते. ते कुठंही आले नाहीत. त्यांनी मला काहीही सांगितलं नव्हतं.

मी किना स्टेशनच्या बाहेर चहावाल्याकडे थांबलो. त्याची किटली उकळत होती. फॉर्म वाफेवर धरला. चहावाला म्हणाला, काय रे, पत्र उघडतोस का कुणाचं? मी हसलो. पहिलं तिकीट निघालं, पंधरावं निघालं. एकाच्या जागी दुसरं लावलं. कोपरा थोडा सुरकुतला, तो अंगठ्यानं दाबला. तुझं मेडिकलचं तिकीट फेकून देणार होतो. फेकवलं नाही. पंधराव्या घरात लावलं. त्यानं काय फरक पडणार होता? काहीच नाही. पण फेकवलं नाही एवढं खरं.

का केलं, ते लिहितो. अब्बांचा धाक, गावाची अब्रू, दियाबकाकांच्या मुलाशी तुझं ठरत होतं, अशी बरीच कारणं मी इतकी वर्षं घोकून ठेवली आहेत. त्यातलं एकही खरं नाही. खरं असं की मला नुकताच कॉमर्सचा डिप्लोमा मिळाला होता, काठावर. आदल्या दिवशी कॉफीच्या दुकानात एक जण म्हणाला, “बखीत, तुझी बहीण डॉक्टरीणबाई होणार. तू तिची बॅग धरायला जा.” सगळे हसले. मीही हसलो. आणि दुसऱ्या दिवशी किटलीपाशी गेलो. याहून मोठं कारण शोधलं, सापडत नाही.

निकाल आला तेव्हा तू रडली नाहीस. मला विचारलंस, हे कसं झालं? माझ्या तोंडून अब्बांचं नाव निघून गेलं. वर सांगितलं, त्यांना विचारू नकोस, मारतील. तू विचारलं नाहीस. तू त्यांच्याशी बोलणंच सोडलंस. बी.एड. केलंस, काकांच्या मुलाला नाही म्हणालीस, अस्वानला नोकरी घेतलीस, तिथंच लग्न केलंस. अब्बा मला विचारायचे, “पोरीला काय झालंय रे? माझ्याकडे बघत नाही.” मी म्हणायचो, शिकलेल्या पोरी अशाच होतात, हवा जाते डोक्यात. ते दर ईदला तुझा मांसाचा वाटा बाजूला काढायचे. संध्याकाळपर्यंत ठेवायचे, मग शेजारी द्यायचे. अकरा वर्षं.

आणि मयतीच्या तिसऱ्या दिवशी तू आलीस तेव्हा मी दारात आडवा उभा राहिलो. ‘आता कशाला आलीस’ म्हणालो. ते रागानं नव्हतं. आत बायका बसल्या होत्या. आई कुणालाही सांगत होती की त्यांनी पोरीच्या कॉलेजच्या कागदावर स्वतःच्या हातानं शिक्का मारला होता, किती हौस होती त्यांना. तू आत आली असतीस तर ते ऐकलं असतंस.

तू डॉक्टर झाली असतीस, इन्शिराह. एवढं साधं वाक्य लिहायला मला एकोणतीस वर्षं लागली.

आता तू ती ओळ लिहिणार नाहीस, हे मला कळतं. पण मी लिहिलं नसतं तर आज पुन्हा बटण दाबलं असतं. उद्या दाबणार नाही असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. गुरुवारी काका विचारतील, मी मान खाली घालीन, मान घातली की हात आपोआप चालतो. माझं मला माहीत आहे.

बखीत


अस्वान
बुधवार, २९ ऑगस्ट

बखीत,

पत्र शाळेत मिळालं, सुट्टीतल्या उन्हाळी कॅम्पच्या वर्गात. दहा वाजता वाचलं. सव्वादहाला गणिताचा तास होता. तो घेतला. एकही बेरीज चुकली नाही.

तुला एक माहीत नाही. अब्बा एकदा इथं आले होते. त्र्याण्णव साली, थंडीत. गाडीचा प्रवास करून, विचारत विचारत शाळेच्या फाटकाशी आले. खजुराची टोपली होती. मी वरच्या मजल्यावरून पाहिलं. शिपायाला सांगितलं, त्यांना म्हणावं, बाई रजेवर आहेत. ते दुपारपर्यंत भिंतीच्या सावलीत बसले. मग टोपली शिपायाकडे देऊन गेले. ते खजूर शिपायानं आणि त्याच्या पोरांनी खाल्ले. मी नाही खाल्ले.

घरी गेल्यावर त्यांनी कुणाला सांगितलं नसावं. सांगितलं असतं तर आज तू लिहिलं असतंस.

मुलीला पाठव. माझ्या मुलाची खोली रिकामी आहे, तो कैरोला असतो. कॉलेज चालत वीस मिनिटं. अंडं नको असेल तर नको. दिवा लावून झोपू दे.

काकांना दाखवायचा कागद वेगळ्या पाकिटात घातलाय, सहीसकट. पण अट आहे. मला जे लिहिलंस ते बैठकीत सांग. काकांसमोर, भाऊबंदांसमोर, आणि मुलगी ऐकेल अशा आवाजात. सगळं. किटली आणि अब्बांचं नाव घेतलंस तेसुद्धा. ते झालं की मग पाकीट उघड. आधी नाही.

तू तसं केलंस की नाही हे मला कळायला मार्ग नाही. तुझ्या शब्दावरच सोडतेय. हसू येतं मला.

मुलीला वहिनी घेऊन येईल. तू येऊ नकोस. माफी मागू नकोस, माझ्याकडे ती नाही. असली तरी ती माझी एकटीची नाही, आणि ज्यांची आहे ते गेले.

इन्शिराह


नजअ सालिम
शुक्रवार, ३१ ऑगस्ट

इन्शिराह,

हे शेवटचं, मग त्रास देणार नाही.

तुझं पत्र बुधवारी अंधार पडायच्या आत मिळालं. अब्बांचं वाचून मी पाणंदीपर्यंत चालत गेलो आणि तिथंच बसून राहिलो. कालव्याचं दार उघडायची माझी पाळी होती. दुसऱ्यानं उघडलं.

गुरुवारी तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर सगळ्यांना बैठकीत बोलावलं. काका आले, त्यांची दोन्ही मुलं आली, चुलतभावांपैकी पाच जण. तुझं वेगळं पाकीट माझ्या अंगातल्या गालाबियाच्या खिशात होतं. लपवत नाही, सांगतो. काकांनी बसल्या बसल्या विचारलं, “कागद आला का?” आणि माझा हात खिशात गेला. पाकीट निम्मं बाहेर आलंही होतं. आलाय म्हणून दाखवलं असतं तर चहा पिऊन सगळे घरी गेले असते, पोरगी अस्वानला गेली असती आणि तुला कधीच कळलं नसतं. आतल्या दारामागं अफनान उभी होती. पडद्याखाली तिची पावलं दिसत होती. मी पाकीट परत आत ढकललं.

मी सांगायला लागलो. दोन वाक्यं झाली आणि काकांनी हात कानामागं नेला. “मोठ्यानं बोल. काय धरलं वाफेवर?”

“फॉर्म, काका. इन्शिराहचा.”

“कुणाचा?”

मग मला ओरडून सांगावं लागलं. पहिल्यापासून. जे तुला बंद पाकिटात लिहिलं ते मी घसा ताणून, दोनदोनदा सांगितलं. रस्त्यावरून जाणारे दोघं थांबले. अब्बांनी शिक्का स्वतः मारला हे सांगितलं. मी त्यांचं नाव घेतलं ते सांगितलं. तुला दारातून परत पाठवलं ते सांगितलं. अब्बांच्या अस्वानच्या फेरीचं सांगायचं तू लिहिलं नव्हतंस, पण तेही सांगितलं. काकांना ते एकदाच सांगावं लागलं.

त्यांनी काठीवर हनुवटी टेकली. मग म्हणाले, “भाऊ माझ्याजवळ रडला होता. म्हणाला होता, दियाब, मी माझ्या लेकीचं काय बिघडवलं ते मला कुणी सांगत नाही. मी त्याला म्हटलं, बायकांचं काय मनावर घेतोस.” आणि त्यांच्या मोठ्या मुलाला म्हणाले, “ऊठ. मला घरी ने.” चहा कुणी प्यायला नाही.

मी दारात पाकीट पुढं केलं. ते म्हणाले, “ते पोरीला दे. मला कशाला दाखवतोस?” एवढंच. याचा अर्थ होकार, असं मी धरून चाललोय. हानिमही तसंच म्हणते.

हानिम तिला घेऊन वीस सप्टेंबरच्या सकाळच्या गाडीनं येईल. मी स्टेशनपर्यंतच. खोलीसाठी चादरी ती शिवतेय. अफनानला अंडी नकोत, पण आमलेट दिलंस तर कळत नाही आणि खाते.

आता अफनानचं सांगायचं राहिलं. तू विचारलं नाहीस, तरी.

सगळे गेल्यावर ती बाहेर आली. मला वाटलं रडेल, भांडेल. तिनं भरलेले पेले गोळा केले. मी म्हटलं, “अफनान, ऐकलंस ना?” ती म्हणाली, “अख्ख्या वस्तीनं ऐकलं, बाबा.” पेले मोरीत ठेवले. मग मोबाइल घेऊन बैठकीतच, माझ्यासमोर, जमिनीवर मांडी घालून बसली. सहाला वीस मिनिटं होती. स्क्रीनवर तो फॉर्म उघडा. ‘कोणताही बदल मागितलेला नाही.’

मी म्हटलं, “मी काही करणार नाही आता. कागद तुझ्याकडे घे.” खिशातून तिच्या गुप्त आकड्याचा कागद काढून तिच्यापुढं ठेवला. तिनं बघितलंही नाही.

मी तसाच बसून राहिलो. मधूनमधून ती पान पुन्हा उघडायची, वाचायची, खाली ठेवायची. माझ्याकडे बघायची ते माझ्या तोंडाकडे नाही, हातांकडे. मी दोन्ही हात मांडीवर पसरून ठेवले, तिला दिसतील असे. हानिमनं एकदा डोकावून पाहिलं आणि परत गेली. दिवस बुडाला, मशिदीत मगरिबची अजान झाली. मी उठलो नाही. उठलो तर तिला वाटेल ऑफिसात चाललोय.

भिंतीवरच्या घड्याळात सातचे ठोके पडले. मी म्हटलं, “झाले बघ सात. मुदत संपली. जेव आता, पोरी.”

ती मान वर न करता म्हणाली, “तुमच्या घड्याळात झाले असतील, बाबा.” आणि सव्वासात होईपर्यंत तशीच बसून राहिली.

बखीत